मुळं वाढवणारं गोड पाणी: काळा डबा, गूळ आणि शहाळं कोकणातल्या रोपवाटिकेत

मिरग जवळ आला की चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर काळसर, दाट, काकवीसारख्या वासाचे डबे रांगेनं मांडलेले दिसतात. लेबलवर पांढऱ्याशुभ्र केशमुळांचा झुपका, खाली 'मुळांची जोमदार वाढ', आणि मात्रा बहुतेक ठिकाणी लिटरला २ ते ३ मिली. नावं वेगवेगळी, पण बऱ्याच डब्यांचा पाया एकच असतो: उसाची मळी (साखर कारखान्यात उरणारा काळा, दाट पाक) किंवा तसंच काही गोड द्रावण, त्यात थोडं ह्युमिक (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थातलं काळसर आम्ल), थोडा समुद्री शेवाळाचा अर्क, थोडी अमिनो आम्लं. हे परीक्षण एका कंपनीच्या मालाचं नाही, या सगळ्या जातकुळीचं आहे. त्याच कामासाठी घरोघरी वापरलं जाणारं गूळपाणी, शहाळ्याचं पाणी आणि मध यांनाही त्यात घेतलं आहे.

निकाल आधीच सांगतो. पावसाळ्यात कोकणपट्टीत वाफ्यावर किंवा ट्रेमध्ये साखर असलेलं काहीही ओतू नका. पाऊस सरल्यावर, निचरा चांगला असेल तर थोड्या मात्रेनं नुकसान होत नाही, मात्र तेव्हा दिसणारा फरक साखरेचा असेलच असं नाही. साखरेनं मुळं खरोखर वाढतात ती जागा म्हणजे प्रयोगशाळेतली निर्जंतुक बाटली. डब्यावरचा दावा त्या बाटलीतून उचललेला आहे आणि आपल्या जांभ्याच्या मातीत तो तसाच लागू होईल असं धरून चालणं, इथेच सगळी गफलत आहे.

त्या बाटलीत काय होतं ते नीट समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं होतं. मुळाच्या टोकाला जेमतेम मिलिमीटरभराच्या पट्ट्यात पेशी सतत विभागत असतात आणि त्यांना इंधन म्हणून साखर लागते. पण साखर तिथे नुसतं इंधन नसते, ती निरोपही असते. ग्लुकोज पोचलं की पेशीतलं टॉर नावाचं प्रथिन जागं होतं आणि मुळाच्या टोकाला 'विभागायला लागा' असा हुकूम जातो. हे २०१३ साली मोहरीच्या कुळातल्या अ‍ॅरॅबिडॉप्सिस या चिमुकल्या तणावर स्पष्ट झालं. त्याच्या आदल्याच वर्षी जर्मनीत फ्रायबर्गला याच रोपावर दिसलं होतं की उजेडात आल्यावर बीजपत्रं जी साखर बनवतात तीच खाली उतरून मुळाला वाढायला सांगते. म्हणजे मुळाला साखर हवी असते यात शंका नाही. ती येते मात्र वरून, पानाकडून. बाहेरून, मातीतल्या पाण्यातून साखर घेणं हा रोपाचा रोजचा मार्ग नव्हे.

प्रयोगशाळेत अ‍ॅरॅबिडॉप्सिसची रोपं साधारण १ टक्का साखरेच्या अगारवर (शेवाळापासून केलेल्या जेलीवर) वाढवतात, म्हणजे लिटरला १० ग्रॅम. केळीची ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरची) रोपं ज्या मुराशिगे-स्कूग माध्यमावर तयार होतात त्याचं सूत्र १९६२ सालचं, आणि त्यात लिटरला ३० ग्रॅम साखर असते. बाटलीत उजेड कमी, हवा कोंडलेली, पानं पुरेसं अन्न बनवू शकत नाहीत, म्हणून तिथे साखर लागतेच. आणि ती रोपालाच मिळते, कारण बाटलीत दुसरं खाणारं कोणी नसतं. चुकून एखादा जिवाणू किंवा बुरशीचा कण आत गेला तर दोन-तीन दिवसांत अगारवर पांढरट साय धरते आणि ती बाटली फेकून द्यावी लागते. आपल्या ट्रेमधल्या मातीत असे कण चिमूटभरात कोट्यवधी असतात.

आता साखरेचा दुसरा चेहरा. मात्रा वाढली की तीच साखर मुळाला आवरते. एक कारण पाण्याच्या ओढीचं. लिटरला १० ग्रॅम साखर विरघळवली की द्रावणाची ओढ, म्हणजे पाणी स्वतःकडे खेचून धरण्याचं बळ, सुमारे ०.७ बार (दाबाचं माप) होते. रोपाला त्याचं विशेष काही वाटत नाही. ५० ग्रॅम टाकली की ती ३.७ बारच्या घरात जाते. मोठं झाड यात तगेल, पण नुकतंच रुजलेलं, बोटभर मुळाचं रोप पाणी ओढता ओढता दमतं. मूळ आखूड, जाड आणि वाकडं होतं. दुसरं कारण ओढीपलीकडचं. ६-७ टक्के ग्लुकोजवर अ‍ॅरॅबिडॉप्सिसची रोपं हिरवीच होत नाहीत, आहे तिथेच थांबतात. पेशीतलं हेक्झोकायनेज नावाचं प्रथिन 'साखर भरपूर आहे' असा अर्थ लावून पुढची कामं थोपवतं. हा परिणाम ओढीचा की साखरेच्या निरोपाचा हे वेगळं करायला प्रयोगशाळेत दुसऱ्या बाटलीत तितक्याच तीव्रतेचं मॅनिटॉल घालतात. त्यानं ओढ तेवढीच होते, पण निरोप जात नाही. दोन्हींतला फरक तो साखरेचा. कुठल्याही डब्याच्या जाहिरातीत अशी तुलना दाखवली असेल तर ती जरूर वाचावी.

भाताच्या बियाण्याबद्दल एक गोष्ट खास सांगायला हवी. मोड आलेल्या दाण्यात पिठाची साखर करणारं अमायलेज असतं आणि भातात साखर भरपूर दिसली की त्याची निर्मिती मंदावते. म्हणजे तरव्यासाठी भिजत घातलेल्या भाताला गूळपाणी दिलं तर दाण्याला उलटाच संदेश जातो. दाण्यातल्या पिठावर भाताचं रोप साधारण तिसऱ्या पानापर्यंत चालतं, त्याला बाहेरच्या शिदोरीची गरज नाही. करायचीच असेल तर आपली जुनी मिठाची प्रक्रिया करा: १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, तरंगणारं पोचट भात काढून टाकायचं, खाली बसलेलं दोनदा स्वच्छ पाण्यात धुवायचं, सावलीत सुकवायचं. मुळांसाठी एवढी फायद्याची दुसरी गोष्ट त्या टप्प्यावर नाही, कारण जड दाणा म्हणजेच जास्त पीठ आणि जास्त पीठ म्हणजेच मुळाला जास्त साखर.

नारळाचं तर उघडच दिसतं. कोंब आलेला नारळ फोडा. आत पिवळसर, स्पंजासारखा, चाखला तर गोड लागणारा गोळा भरलेला असतो. तो खोबरं विरघळवून रोपाला पुरवतो आणि जवळजवळ वर्षभर रोप त्याच्या जिवावर असतं. आंब्याच्या कोयीत आणि काजूच्या बीमध्येही जाड दलांत हीच सोय आहे. कोय कलमाच्या वाफ्यावर गूळपाणी ओतणाऱ्यांनी एवढंच पाहावं: फुटलेल्या कोयीला मुंग्या लागतात, वाफा ओला असेल तर कोय कुजते, आणि कलम बांधायच्या वेळी तांबूस पानांचं रोप मानेशी काळं पडून आडवं होतं.

आता डब्याकडे वळू. यातला मुख्य प्रश्न हवेचा आहे, आणि आकडे मांडल्याशिवाय त्याचं गांभीर्य कळत नाही.

१ ग्रॅम साखर पूर्ण जाळायला सुमारे १.१ ग्रॅम प्राणवायू लागतो. ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. म्हणजे एक ग्रॅम साखरेसाठी १५० लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू. आता हे ९८ कप्प्यांच्या प्रो-ट्रेवर आणा. एका कप्प्यात साधारण २५ मिली कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) धरा. वाफसा असताना त्यात पाचवा हिस्सा हवा असेल, म्हणजे ५ मिली, आणि त्यात प्राणवायू सव्वा ते दीड मिलिग्रॅम. शुद्ध मळीचा डबा असेल तर तिच्यात वजनानं निम्मी साखर असते आणि ती पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट जड असते. लिटरला ३ मिली टाकली की द्रावणात लिटरला २ ग्रॅम साखर येते. एका कप्प्याला ५ मिली आळवणी केली तर १० मिलिग्रॅम. जिवाणू त्यातली निम्मी स्वतःच्या अंगात जिरवतात असं धरलं, तरी उरलेल्या निम्मीला ५-६ मिलिग्रॅम प्राणवायू हवा. कप्प्यातल्या हवेच्या चौपट.

जानेवारीत हे खपून जातं. ट्रे स्टँडवर आहे, खालची भोकं मोकळी आहेत, वारा आहे, आत संपलेली हवा दोन्ही बाजूंनी भरून येते. जुलैत कोकोपीट पाण्यानं गच्च भरलेलं असतं. पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानानं दहा हजारपट हळू सरकतो. तिथे हीच मात्रा दिली की काही तासांत मुळाशी श्वास कोंडतो. मूळ जागच्या जागी आंबतं, टोक तपकिरी होतं, आणि अशा मऊ पडलेल्या मुळावर पिथियम तुटून पडतं. त्या बुरशीला पाणीही हवं असतं आणि मुळातून झिरपणारी साखरही. मग सकाळी ट्रेच्या मधल्या भागात रोपं कोलमडलेली दिसतात, मानेशी दोऱ्यासारखी बारीक झालेली. डब्याला दोष दिला जात नाही, कारण 'पाऊसच फार होता' हे कारण हाताशी असतं. पाऊस कोकणात दरवर्षीच फार असतो. २५०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या पट्ट्यासाठी लेबलवर एक ओळ तरी हवी होती, ती आमच्या पाहण्यातल्या डब्यांवर नाही.

दुसरं नुकसान नत्राचं, आणि ते उन्हाळी रोपांतही होतं. साखरेत नत्र अजिबात नसतं, पण ती खाऊन वाढणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतं. १० ग्रॅम साखरेत ४.२ ग्रॅम कर्ब. त्यातला ४० टक्के जिवाणूंच्या अंगी लागला तर त्यासोबत सुमारे ०.२ ग्रॅम नत्र बांधलं जातं. लिटरला १ ग्रॅम १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के असलेलं विद्राव्य खत) टाकून आपण जेवढं नत्र देतो, जवळपास तेवढंच. म्हणून लिटरला १० ग्रॅम गूळ घालून दिलेल्या मिरचीच्या रोपांची खालची पानं चार-पाच दिवसांत फिकट होतात. ते नत्र कायमचं जात नाही, जिवाणू मेले की परत मोकळं होतं. पण २५-३० दिवसांच्या रोपाला वाट पाहायला वेळ नसतो.

तिसरी गोष्ट क्षारांची. मळीत पालाश भरपूर असतो आणि इतर क्षारही. डिसेंबरनंतर किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी मचूळ व्हायला लागतं. अशा पाण्यात मळीचं औषध घालण्याआधी ईसी मीटरनं (पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणाऱ्या यंत्रानं) मोजा. पाणी आणि औषध मिळून आकडा दीड डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर जात असेल तर रोपांना देऊ नका. कांद्याची रोपं क्षारांना फार नाजूक. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचं रोप टाकणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावं.

विकत घेताना डब्यात नेमकं काय आहे ते कसं ओळखायचं? हापूसची गोडी बघायला अनेकांकडे ब्रिक्स मीटर असतो, तोच इथे कामाला येतो. १० मिली औषध ९० मिली पाण्यात मिसळा, थेंब काचेवर टाका, आकडा वाचा आणि अंदाजे दहापट करा. दाट औषध सरळ टाकलं तर आकडा पट्टीबाहेर जातो आणि काळ्या रंगामुळे रेघही दिसत नाही. ब्रिक्स मीटर विरघळलेलं सगळंच मोजतो, फक्त साखर नाही, म्हणून सोबत ईसी बघायची. ब्रिक्स जास्त आणि ईसी कमी असेल तर ते बहुतेक साखर. दोन्ही जास्त असतील तर मळी किंवा क्षार मिसळलेलं काहीतरी. रंग काळाकुट्ट पण ब्रिक्स अगदी कमी असेल तर रंग ह्युमिकचा असण्याची शक्यता जास्त, आणि तो डबा आमच्या दृष्टीनं निदान निरुपद्रवी.

मीटर नसेल तर फुग्याची चाचणी करा. पाण्याच्या बाटलीत अर्धा लिटर कोमट पाणी, ५० मिली औषध, एक चमचा बेकरीचं यीस्ट, तोंडाला फुगा. शेजारी दुसऱ्या बाटलीत औषधाऐवजी २५ ग्रॅम गूळ. दोन-तीन तासांत गुळाचा फुगा उभा राहतो. औषधाचा फुगाही तसाच फुगला तर आपण प्रामुख्यानं साखर विकत घेतो आहोत. औषधाचा फुगा लोळत पडला तर साखर कमी आहे किंवा टिकवण्यासाठी घातलेल्या रसायनानं यीस्ट मेलं आहे. अशा वेळी ब्रिक्सशिवाय निवाडा होत नाही.

लेबलही वाचा. २०२१ पासून जैवउत्तेजकं (वाढीला चालना देणारी अशी औषधं) खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली आहेत. ह्युमिक आणि फुल्विक आम्लं, समुद्री शेवाळाचा अर्क, प्रथिनांचे तुकडे आणि अमिनो आम्लं असे त्यात ठरलेले गट आहेत. ज्या डब्यावर घटक टक्क्यांत लिहिलेले आहेत तो घ्यावा. 'नैसर्गिक मूळवर्धक, इतर घटक पुरेसे' एवढंच लिहिलं असेल तर त्या 'इतर'मध्ये मळी आहे असं समजून वर सांगितलेली चाचणी करावी. ह्युमिक किंवा शेवाळ हवं असेल तर तेच वेगळं घ्या; साखरेचं ओझं सोबत कशाला?

गूळपाण्याबद्दल. कोकणात येणारा गूळ बहुतेक घाटावरचा, कोल्हापूरकडचा. त्यात शेकडा ८० च्या वर साखर असते. तेव्हा 'गूळ नैसर्गिक म्हणून चालतो' या म्हणण्यात अर्थ नाही; रोपाच्या मुळाशी गूळ आणि साखर यांच्यात फरक आहे तो थोड्या खनिजांचा. डब्यापेक्षा गुळाची एक बाजू मात्र चांगली: आपण काय आणि किती घालतो हे आपल्याला माहीत असतं. द्यायचंच असेल तर लिटरला १ ग्रॅम, जास्तीत जास्त २. ग्रॅमचा काटा नसेल तर १० ग्रॅमचा खडा १० लिटरच्या बादलीत. कोमट पाण्यात विरघळवून फडक्यानं गाळा, नाहीतर ट्रेच्या भोकांत गाळ बसतो. रोपाला दोन खरी पानं आल्यावर, एकदाच, सकाळी, कोकोपीट वाफशावर असताना. ट्रे जमिनीवर टेकलेला नको, विटांवर किंवा स्टँडवर हवा. दुसऱ्या दिवशी लिटरला अर्धा ते १ ग्रॅम १९:१९:१९ द्या, म्हणजे नत्राची ओढाताण होत नाही. विरघळवलेलं पाणी उद्यासाठी ठेवू नका, आपल्या हवेत ते रात्रीत आंबतं. आणि मळभ असेल, झड लागली असेल तर त्या दिवशी हात आवरा.

जीवामृताची गोष्ट निराळी, आणि ती याच्यात मिसळू नये. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर माती. गूळ इथेही लिटरला १० ग्रॅमच पडतो, पण तो पिंपात दोन दिवस ढवळत ठेवला की जिवाणू तो आधीच खाऊन टाकतात. हवेची सगळी मारामारी पिंपात होते, मुळाशी नाही. म्हणून ते दिवसातून दोनदा नीट ढवळणं महत्त्वाचं. दारूसारखा किंवा उग्र आंबूस वास आला तर आत हवा कमी पडली. ते रोपांना न देता नारळ-पोफळीच्या आळ्यात पुष्कळ पाणी मिसळून टाका. ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशींना आवरणारी उपयोगी बुरशी गुळावर वाढवतात तिथेही तेच तत्त्व: गूळ बुरशीला खाऊ घालायचा, रोपाला नाही. ट्रायकोडर्मा गुळाच्या पाण्यात कालवून लगेच ओतलं तर मातीतले इतर जीवही त्याच ताटात जेवतात.

शहाळ्याच्या पाण्याला कोकणात फार मान आहे. त्याच्यातली ताकद खरी आहे. १९४१ साली धोतऱ्याचे कोवळे गर्भ नारळाच्या पाण्यावर वाढवून दाखवले गेले आणि ऑर्किडच्या बाटल्यांत आजही ते १० ते २० टक्के वापरतात. पण ही ताकद मुख्यतः सायटोकायनिनची, म्हणजे फुटवा आणणाऱ्या द्रव्याची. आणि सायटोकायनिन नवं मूळ फुटण्याला अडवतं. वर त्यात ४-५ टक्क्यांच्या आसपास साखर. दहापट पाणी घातलं तरी लिटरला ४-५ ग्रॅम साखर राहते, म्हणजे वर सांगितलेल्या गुळाच्या जास्तीत जास्त मात्रेच्याही दुप्पट-अडीचपट. फोडलेल्या शहाळ्याचं पाणी काही तासांत आंबायला लागतं. तेव्हा मुळांसाठी म्हणून शहाळं ओतणं आम्हाला पटत नाही.

जास्वंद, मिरी, मोगरा यांच्या छाटांना मध लावण्याचा सल्लाही फिरत असतो. मधात ८० टक्के साखर. दाट असेपर्यंत त्यात काही वाढत नाही हे खरं; ओल्या मातीत खोचला की तो पातळ होतो आणि छाटाच्या कापावर बुरशीला आयतं जेवण मिळतं. छाटाला मूळ फुटण्यासाठी लागणारी साखर छाटाच्या लाकडात आधीच साठलेली हवी, म्हणून निरोगी, उजेडात वाढलेल्या वेलीचे छाट निवडा. बाकी काम संप्रेरकाचं. मिरीच्या छाटांना आयबीए या मूळ फोडणाऱ्या संप्रेरकाच्या १,००० पीपीएम (लिटरला १ ग्रॅम) द्रावणात ४५ सेकंद बुडवण्याची पद्धत आहे आणि तिच्यापुढे मध टिकत नाही.

साखरपाण्याची पानांवर फवारणी करू नये. पानाच्या मेणातून साखर फारशी आत जात नाही, वर चिकटून राहते. आंब्यावर तुडतुडे गोड चिकटा टाकतात आणि मग पानं काजळीनं काळी होतात, हे आंबा बागायतदाराला वेगळं सांगायला नको. रोपाच्या पानावर साखर फवारणं म्हणजे तुडतुड्यांचं काम आपण करणं. पाठोपाठ मुंग्या, आणि मुंग्यांमागून पिठ्या ढेकूण.

मग मुळांना साखर मिळावी कशी? पानांकडून. मृगानंतर उजेड कमी होतो, त्यात कित्येक रोपवाटिकांवर उन्हाळ्यात बांधलेली हिरवी जाळी तशीच राहते. ५० टक्क्यांची जाळी मळभाच्या दिवशी उरलेला उजेडही निम्मा करते. रोप लांबुडकं होतं, मूळ पातळ राहतं. जून संपायच्या आत जाळी काढा आणि वर पारदर्शक प्लास्टिक घाला. पाऊस अडतो, उजेड येतो. कोकोपीटमध्ये चौथा हिस्सा जाड वाळू किंवा परलाइट मिसळा. काथ्याचा भुसा ताजा असेल तर आधी दोन-तीन वेळा धुवा, नाहीतर त्यातलाच क्षार मुळांना जाळतो. वाफा असेल तर गादीवाफा निदान १५ सेंटीमीटर उंच हवा. एवढं केल्यावर पाच-सहा दिवसांत कप्पा उपटून पाहिला तर गोळ्याभोवती पांढऱ्या मुळांचं जाळं दिसू लागतं.

कुणाला स्वतः खात्री करायची असेल तर चवळीचे वीस-वीस दाणे घेऊन चार कागदी गुंडाळ्या करा. एक उकळून गार केलेल्या साध्या पाण्यात, बाकीच्या लिटरला १, १० आणि ५० ग्रॅम साखरेच्या पाण्यात. रोज पाणी बदला. बदललं नाही तर पाचव्या दिवशी तुम्ही मुळं मोजत नसता, जिवाणूंचा उपद्रव मोजत असता. पाचव्या दिवशी प्रत्येक मूळ पट्टीवर ठेवून सरासरी काढा. साध्या पाण्यात आणि १ ग्रॅममध्ये फरक शोधावा लागेल. ५० ग्रॅमची मुळं आखूड, जाड, बोटाला बुळबुळीत लागतात आणि बियाच्या टरफलावर पांढरी लव दिसते.

ऊतिसंवर्धित केळीची रोपं घेणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची सूचना. बाटलीतून काढलेल्या कोवळ्या रोपाच्या मुळाला अगार चिकटलेला असतो आणि त्यात ३ टक्के साखर आहे. वाहत्या पाण्याखाली, बोटांनी अलगद चोळून तो शेवटच्या कणापर्यंत धुवा, नंतर बुरशीनाशकात लेबलवरच्या मात्रेनं बुडवा, मग ट्रेमध्ये लावा. पहिल्या आठवड्यात मरणाऱ्या रोपाची मान तपासा. बऱ्याचदा तिथे जेलीचा तुकडा आणि त्यावर बुरशी सापडते. पिशवीतलं, हार्डनिंग झालेलं (बाहेरच्या हवेला सरावलेलं) रोप घेतलं तर ही काळजी विक्रेत्यानं घेतलेली असते. नवख्यानं तेच घ्यावं.

आणि ज्यांनी काळा डबा आधीच आणून ठेवला आहे त्यांनी तो फेकून देऊ नये. शेणखताच्या किंवा पालापाचोळ्याच्या ढिगावर १० लिटर पाण्यात १०० मिली या प्रमाणात शिंपडा, आठवड्यानं ढीग एकदा वरखाली करा आणि आगोटीच्या आत वर ताडपत्री टाका. ढिगाच्या पोटात हात घातला तर दोन-तीन दिवसांत ऊब लागते, आणि ते खत पाऊस सरल्यावर गादीवाफ्यात मिसळायला तयार होतं.